माप ज्याच्या हातात, धान्य त्याच्या कोठारात

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कपाशीच्या भावाचे बोलायचे सोडून हे चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तचे काय काढले, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. भावाचे बोलणारे या मांडवात पुष्कळ आहेत, ते बोलतीलच. आम्ही आज तुमचा थोडा वेळ मागून घेतला आहे तो एका जुन्या हिशेबासाठी.

शाळेतल्या पोरांच्या इतिहासाच्या पुस्तकात इजिप्तची दोन-चार पाने असतात. पिरॅमिडचे चित्र असते, सोन्याचा मुखवटा असतो, राजांची नावे असतात. पोर ती पाठ करते आणि परीक्षेत लिहून मोकळे होते. एक प्रश्न मात्र त्या पानावर बहुधा नसतो. गिझाचा मोठा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, खुफू राजाच्या वेळी उभा राहिला. उंची १४६ मीटर आणि दगड सुमारे २३ लाख. ते दगड ओढणारी माणसे वर्षानुवर्षे दुपारी काय खात होती? आणि ते धान्य कुणाच्या खळ्यावरून आले?

दगड कुठल्या खाणीतला, हे विद्वान सांगतात. आपण शेतकरी आहोत, आपण धान्याचे विचारू.

काळी जमीन आणि व्याधाची चांदणी

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. दोन्ही बाजूंना वाळवंट, मधून नाईल नदी आणि नदीच्या काठाने गाळाची काळी पट्टी. तेवढाच पिकाचा मुलूख. तिथले लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळी जमीन. काळ्या जमिनीची किंमत या मांडवात कुणाला सांगायला नको.

नदीला दरवर्षी पूर यायचा, पण तो तिथल्या पावसाचा नव्हे. फार दूर दक्षिणेला इथिओपियाच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, त्याचे पाणी आणि गाळ घेऊन नाईल खाली यायची. म्हणजे आपला पावसाळा आणि त्यांच्या पुराचा पावसाळा एकाच वेळचे. नुसती वेळच एक नाही, दोघांचे नशीबही पुष्कळदा एक असते. प्रशांत महासागराचे पाणी ज्या वर्षी जास्त तापते त्या वर्षी बहुतेक वेळा दोन्हीकडचा पाऊस अंग चोरतो. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ तुम्ही ऐकला असेल. त्यातल्याच १८७७ साली नाईलचा पूरही फार खाली राहिला होता. आभाळाकडे बघणारा इथला कोरडवाहू शेतकरी आणि नदीकडे बघणारा तिथला शेतकरी एकाच वाऱ्याच्या भरवशावर जगत आले.

आपण मृगाकडे डोळे लावून बसतो. मृगाच्या शेजारीच व्याधाची ठळक चांदणी असते. इजिप्तचा शेतकरी तिच्याकडे डोळे लावून बसायचा. काही दिवस दिसेनाशी झालेली ही चांदणी पहाटे पूर्वेला पुन्हा दिसली की पूर जवळ आला आणि नवे वर्ष लागले. वर्षाचे हंगाम तीन: पुराचा, पेरणी-वाढीचा आणि सुगीचा. प्रत्येक हंगाम चार महिन्यांचा, महिना तीस दिवसांचा आणि वर्षाच्या शेवटी वरचे पाच दिवस. ३६५ दिवसांचे वर्ष त्या लोकांनी असे बसवले होते.

पुराचे पाणी बांध घालून शेतात महिना-दीड महिना कोंडून ठेवायचे. जमीन पाणी प्याली, गाळ खाली बसला की पाणी सोडून द्यायचे आणि ओलीवर पेरायचे. बियाणे मातीत दाबायला वरून शेळ्या-मेंढ्या फिरवायच्या. लाकडी नांगर, बैलांची जोडी, कापणीला विळा. कणसे गाढवावर लादून खळ्यावर आणायची, बैल फिरवून मळणी करायची आणि वाऱ्यावर उफणायची. तिथल्या थडग्यांच्या भिंतींवर या सगळ्याची रंगीत चित्रे आहेत. आपल्यातला कुणी त्या खळ्यावर जाऊन उभा राहिला असता तर त्याला काही विचारावे लागले नसते.

पिके कोणती? मुख्य पीक गहू, आणि तो आपला खपली गहू. त्याच्या जोडीला सातू. खपलीची भाकर आणि सातूचे आंबवलेले पेय, म्हणजे आपल्या आंबिलीच्या जवळचे पण थोडे चढणारे. वर कांदा, मसूर, मासळी. कापूस त्या राजांच्या काळी तिथे नव्हता. कपडा निघायचा जवसाच्या ताटांच्या धाग्यातून. आपण जवसाचे तेल काढतो, त्यांनी त्याच झाडाच्या सालीचे सूत काढून साऱ्या देशाला कपडा पुरवला. दळण बायकांकडे. गुडघे टेकून, दगडी पाट्यावर दुसरा दगड पुढे-मागे ओढत तासन्‌तास दळायचे. त्या काळच्या सांगाड्यांवर या कामाच्या खुणा सापडतात, आणि भाकरीतल्या रेतीने म्हाताऱ्यांचे दात झिजून गेलेले दिसतात.

पूर मोजणारे आणि शेत मोजणारे

आता सरकारकडे वळू. सरकारला जमीन कसायची नसते, त्याला अंदाज लागतो. पूर किती आला हे कळले की पीक किती येणार हे कळते, आणि पीक किती येणार हे कळले की घ्यायचे किती हे ठरते. म्हणून नाईलच्या काठावर दगडी पायऱ्या बांधून त्यांवर हातांच्या खुणा कोरलेल्या असत. असे एक माप अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर अजून पाहायला मिळते. इटलीतल्या पालेर्मो शहरात एक काळा दगड जपून ठेवला आहे. त्यावर इजिप्तच्या अगदी पहिल्या राजांच्या वर्षावर्षांची नोंद आहे, आणि त्या नोंदीत पूर किती हात, किती बोटे चढला हेही आहे. पुढे रोमन लोकांच्या काळात प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने हिशेब नोंदवून ठेवला: बारा हात पाणी म्हणजे उपासमार, तेरा हात म्हणजेही भूकच, चौदाला आनंद, पंधराला निर्धास्ती आणि सोळाला समाधान. दोन-चार हातांच्या फरकात एका देशाचे पोट.

पुरानंतर शेताची मोजणी. शंभर हात लांब, शंभर हात रुंद असा जमिनीचा एक नग, म्हणजे आपले सुमारे २७ गुंठे. मोजायला गाठी मारलेली दोरी. जुन्या काळी गुरांची मोजणी साधारण दर दोन वर्षांनी व्हायची. तिचे महत्त्व इतके की वर्षाचे नावच त्यावरून पडायचे: अमुक राजाच्या इतक्याव्या गुरांच्या मोजणीचे वर्ष, किंवा त्याच्या पुढचे वर्ष. वसुलीचा जो दिवस, तोच कालगणनेचा खांब.

आज लक्सर म्हणतात त्या गावासमोर, नदीच्या पलीकडे, मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे. मेन्नाचा हुद्दा होता राजाच्या शेतांचा कारकून. भिंतीवर त्याने आपले काम रंगवून घेतले. उभ्या पिकात दोरी धरून मोजणी चाललेली आहे. खळ्यावर धान्याचे माप भरले जात आहे आणि कारकून लिहून घेत आहेत. एक शेतकरी जमिनीवर पालथा पडला आहे आणि त्याच्या अंगावर काठी उगारलेली आहे. त्याच चित्रात सरवा वेचणाऱ्या दोन पोरी एकमेकींच्या झिंज्या ओढत आहेत, आणि दुसरी एक पोर मैत्रिणीच्या पायातला काटा काढते आहे. मेन्नाला या सगळ्याची लाज वाटली नाही. मार खाणारा शेतकरी हा त्याला आपल्या कर्तबगारीचा भाग वाटला, म्हणून त्याने तो रंगवून घेतला.

पुढे कुणीतरी त्या थडग्यात शिरले आणि चित्रातल्या मेन्नाचे डोळे खरवडून काढले. खरवडणाऱ्याने आपले नाव मागे ठेवले नाही.

उतरंड

समाजाची उतरंड अशी होती. सगळ्यात वर राजा, फॅरो. तो देवाचा अंश, सगळी जमीन नावापुरती त्याची. त्याच्या खाली वजीर. कोठारे, न्याय, मोजणी, प्रांतांचे अधिकारी हे सगळे वजिराच्या हाताखाली. मुलूख चाळीसेक प्रांतांत विभागलेला. मग देवळांचे पुजारी, ज्यांच्याकडे मोठमोठ्या जमिनी आणि कोठारे होती. मग कारकून आणि सैन्य. मग कारागीर. आणि सगळ्यात खाली, संख्येने सगळ्यांहून जास्त, शेतकरी. लढाईत पकडून आणलेले गुलामही होते, पण देशाचे पोट चालत होते ते राजाच्या, देवळाच्या किंवा एखाद्या मोठ्या माणसाच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांच्या जोरावर.

नाणे नव्हते. पगार धान्यात, कर धान्यात, दंडही धान्यात. वस्तूची किंमत तांब्याच्या वजनात सांगत, पण कोठारात भरायचे ते धान्यच. त्यामुळे ज्याच्याकडे कोठार, त्याच्याकडे तिजोरी.

पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले, असे आपण सिनेमात पाहिले. ते खरे नाही. १९९० साली गिझाला एका घोड्याचा पाय वाळूतल्या जुन्या भिंतीला अडखळला आणि तिथे बांधकाम करणाऱ्यांची थडगी निघाली. मोडून पुन्हा जुळलेली हाडे निघाली, म्हणजे त्यांच्यावर उपचार झाले होते. जवळच त्यांची वस्ती निघाली, भाकरीच्या भट्ट्या निघाल्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग निघाले. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या पथकाला पपायरस नावाच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे तुकडे सापडले. लिहिलेल्या पपायरसांत आजवर मिळालेले हे सगळ्यात जुने. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफूच्या पिरॅमिडसाठी तो तुरा इथल्या खाणीतले दगड नावेने नेत होता. आज कुठे होतो, रात्र कुठे काढली, सगळे लिहिले आहे. त्याच कागदांत भाकरी आणि धान्य किती आले याचा हिशेब आहे. आणि तारीख कशी घातली आहे? तेराव्या गुरांच्या मोजणीनंतरचे वर्ष.

म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध इमारतीच्या कागदावरची तारीखही शेतकऱ्याच्या गोठ्यातून निघालेली आहे.

गुलामी नव्हती, पण वेठ होती. सरकारचे बोलावणे आले की पाट खणायला, बांध घालायला, दगड ओढायला जावे लागे. पळून गेलेल्यांच्या नावांची यादी असलेला एक कागद अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. पळालेल्याच्या घरच्यांना अडकवून ठेवत आणि तो परत आला की सोडत. या वेठीची धास्ती इतकी होती की मेल्यावरही ती सुटणार नाही असे मोठ्या लोकांनाही वाटे. परलोकातही शेते आहेत, तिथेही कामाचे बोलावणे येणार! मग थडग्यात लहान लहान बाहुल्या ठेवत. बोलावणे आले की बाहुलीने ‘मी हजर आहे’ म्हणायचे आणि मालकाच्या वतीने शेत कसायचे. १९२२ साली तुतनखामेन राजाचे थडगे उघडले, त्यात अशा ४१३ बाहुल्या निघाल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ मजूर, आणि बाकीच्या ४८ त्यांच्यावरचे मुकादम. मेल्यावरही राजाला स्वतःच्या हाताने शेत करायचे नव्हते, आणि मुकादमाशिवाय शेती होते हे त्याला पटत नव्हते.

लेखणीची शाळा

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळे आपल्याला कुणी सांगितले? शेतकऱ्याने नाही. लिहिता येणारे शंभरात मोजकेच होते आणि ते कोठाराच्या बाजूचे होते.

कारकुनांच्या शाळेत पोरांकडून धडे गिरवून घेत. एका धड्यात बाप पोराला शाळेत पोचवायला नावेतून निघाला आहे आणि वाटेत त्याला एकेक धंदा सांगतो आहे: लोहाराची बोटे अशी, कुंभाराचे अंग चिखलाने माखलेले, विणकर घरात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, शेतकऱ्याचे ओरडणे कधी संपतच नाही. सगळ्या धंद्यांना वर साहेब आहे, फक्त कारकुनाला नाही. तो स्वतःच साहेब. तेव्हा बाबा, लिहायला शीक.

दुसरा धडा आजच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एका पपायरसवर आहे, तीन हजारांवर वर्षांपूर्वीचा. त्यात शेतकऱ्याचे वर्ष सांगितले आहे. किडीने अर्धे पीक नेले, पाणघोड्याने बाकीचे खाल्ले. शेतात उंदीर झाले, टोळ उतरले, गुरांनी तोंड घातले, चिमण्यांनी लुटले. खळ्यावर उरले ते चोरांनी नेले. नांगर ओढता ओढता जनावर मेले. आणि याच वेळी कारकून नदीच्या काठाला उतरतो, वसुलीची नोंद करायला. बरोबर काठ्या घेतलेली माणसे. धान्य दे म्हणतात आणि धान्य तर नाहीच. मग त्याला झोडपतात, बांधून विहिरीत उलटा बुडवतात, बायकोला त्याच्यादेखत बांधतात, पोरांना बेड्या. शेजारी सगळे सोडून पळतात.

भावांनो, हे दुःख बघून कारकुनाने लिहिले असे समजू नका. पोराला अभ्यासाची गोडी लागावी म्हणून लिहिले! शिकला नाहीस तर असे हाल होतील, आणि शिकलास तर काठी तुझ्या बाजूला असेल. शेतकऱ्याच्या दैन्याची इतकी बारीक नोंद त्या देशात केली गेली ती शेतकऱ्याला सोडवायला नाही, त्यातून पोराने आपले अंग काढून घ्यावे म्हणून. शिक्षणाचा हा अर्थ आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

सगळेच कारकून तसे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आमेनेमोपे नावाने एक उपदेशाचा ग्रंथ आहे. ज्याच्या नावाने तो आहे तो धान्याचाच अधिकारी, मापे ठरवणारा आणि बांधाच्या खुणा रोवणारा. तो मुलाला सांगतो की बांधाचा दगड सरकवू नको, विधवेच्या शेतात शिरू नको, मापात खोट करू नको. आणि गरिबाकडे मोठी थकबाकी निघाली तर तिचे तीन भाग कर, दोन सोडून दे, एक राहू दे. रात्री झोप चांगली लागते. तीन हजार वर्षांपूर्वी वसुलीच्या खात्यातल्या माणसाला हे सुचले होते.

घरातला हिशेब

शेतकरी घराचा एक आवाज मात्र आपल्यापर्यंत आला. १९२१-२२ च्या हंगामात लक्सरजवळच्या डोंगरात जुनी पत्रे सापडली. हेकानख्त नावाचा माणूस, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. जमीन बाळगून होता, दुसऱ्यांची खंडाने करत होता, जोडीला एका थडग्याचे पुजारीपण. कामासाठी परगावी गेला आणि तिथून घरी पत्रे लिहिली.

त्या पत्रांत काय आहे? तेच, जे कुठल्याही घरात असते. पूर कमी आला, धान्य कमी पडणार. घरात कुणाला महिन्याला किती धान्य द्यायचे, त्याची नावानिशी यादी. रोजचे मिळायचे त्यापेक्षा कमी आहे, पण कुरकुर करू नका, अर्धपोटी जगणे मरण्यापेक्षा बरे. अमुक जमीन खंडाने घ्या, त्यासाठी इथे विणलेला कपडा द्या. बियाण्याला हात लावू नका. धाकट्या पोराला रागावू नका, तो मागेल ते द्या. आणि नव्या बायकोला घरातली कामवाली त्रास देते, तिला काढून टाका! पत्र वाचताना चार हजार वर्षे कुठे गेली ते कळत नाही. हा माणूस कुळांच्या मानाने बरा होता. तरी एक पूर खाली राहिला आणि याला माणसामाणशी पसा मोजावा लागला. मग ज्याच्याकडे यादी करण्याइतकेही नव्हते त्याचे काय झाले असेल?

मायबहिणींनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे. त्या देशात बाईला स्वतःच्या नावावर जमीन ठेवता येई, वारसा मिळे, कोर्टात उभे राहता येई. सुमारे इ.स.पू. ११४५ मध्ये नौनख्ते नावाच्या म्हातारीने साक्षीदारांपुढे मृत्युपत्र केले. मी आठ पोरे वाढवली, त्यांना हवे ते दिले; आता मी म्हातारी झाले तर काहींनी माझ्याकडे पाहिले नाही; ज्यांनी हात दिला त्यांना माझे मिळेल, ज्यांनी दिला नाही त्यांना नाही. तो कागद टिकला आहे. साधीसुधी कारागिराच्या घरातली बाई. पण नावावर होते, म्हणून बोलता आले.

बोलणारा माणूस

आता न्यायाचे. खूनअनुप नावाच्या खेडुताची एक कथा सुमारे १,८५० इ.स.पू. पासून तिथे लिहिली-वाचली जात होती. मिठाच्या खोऱ्यातला माणूस. घरातले धान्य संपत आले, म्हणून गाढवांवर रानचा माल लादून धान्य आणायला निघाला. वाटेत एका माजलेल्या माणसाने पायवाटेवर कापड पसरून ठेवले होते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उभा सातू. वळसा घालताना गाढवाने सातूचा एक घास घेतला. झाले. गाढवे जप्त, माल जप्त, वर मार.

खेडूत मोठ्या अधिकाऱ्याकडे, रेन्सीकडे गेला. तक्रार इतकी सुंदर मांडली की रेन्सीने राजाला जाऊन सांगितले. राजा म्हणाला, त्याला उत्तर देऊ नका, बोलत ठेवा आणि सगळे लिहून काढा. त्याच्या घरी गुपचूप धान्य पाठवा, पण त्याला कळू देऊ नका. खेडूत नऊ वेळा आला. माप राखणारेच माप मारतात, न्याय करणारेच चोरी करतात, असे त्याने तोंडावर सांगितले. मधे एकदा फटकेही खाल्ले. शेवटी न्याय मिळाला, त्या माजलेल्या माणसाची मालमत्ता याला मिळाली.

कथा गोड संपते. पण आम्ही ती वाचली तेव्हा आम्हाला राजाचीच गोष्ट लागून राहिली. खेडूत खरा आहे हे पहिल्याच दिवशी कळले होते. तरी त्याला नऊ हेलपाटे घालायला लावले, कारण त्याचे बोलणे ऐकायला छान वाटत होते! शेतकऱ्याच्या दुःखाचे भाषण दरबाराला आवडते. भाषण आवडणे आणि गाढवे परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही झाली कथा. आता घडलेली हकीकत. राजांची थडगी खोदणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. त्यांना महिन्याला चार पोती खपली आणि दीड पोते सातू असा पगार ठरलेला. पोते सुमारे ७५ लिटरचे. तिसऱ्या रामसेस राजाच्या २९ व्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स.पू. ११५७ मध्ये, महिन्याचे १८ दिवस उलटले तरी धान्य आले नाही. कारागीर हत्यारे टाकून वेस ओलांडून बाहेर पडले आणि देवळामागे जाऊन बसले. सांगितले की भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा. लेखी पुरावा असलेला जगातला हा पहिला संप. त्याचा कागद इटलीत तुरिनला आहे. थोडे थोडे करून धान्य मिळाले, आणि पुन्हा पुन्हा त्यांना बसावे लागले.

धान्य देशात नव्हते काय? याच राजाने देवळांना दिलेल्या जमिनी, गुरे, माणसे आणि धान्य यांची यादी त्याच्या मरणानंतर केली गेली, ती चाळीस मीटरहून लांब कागदावर आहे. आणि त्याच सुमाराचा आणखी एक कागद आहे. खनुमनख्त नावाचा नावेचा कप्तान अस्वानकडच्या देवळासाठी दरवर्षी ७०० पोती धान्य आणायचा. दहाएक वर्षांत पाच हजारांच्या वर पोती वाटेतच मुरली. कारकून आणि तपासनीस त्याला सामील होते. शेतकऱ्याच्या खळ्यावर मोजून घेतले, कागदावर चढवले आणि नावेत नाहीसे झाले. खळ्यावरच्या शेतकऱ्याला कमी भरले म्हणून मार, आणि कारागिराला आले नाही म्हणून उपास. मधले पाच हजार पोते ज्यांच्या घरात गेले त्यांच्या हातात माप होते.

कारागीर बसले की राजाचे थडगे अडून राहते, म्हणून वजिराला धावावे लागले. शेतकरी बसला तर आधी त्याच्याच घरातली चूल अडते. म्हणून शेतकऱ्याच्या संपाचा कागद तुरिनला नाही. शेतकरी पळून गेला, त्याच्या नावाची यादी मात्र आहे.

काळजाचे वजन

त्या लोकांची समजूत होती की मेल्यावर माणसाचे काळीज तराजूत घालतात. त्या वेळी मेलेल्याने शपथेवर सांगायचे की मी काय काय केले नाही. मी धान्याचे माप कमी केले नाही, तराजूचा काटा मारला नाही, दुसऱ्याच्या शेतात शिरलो नाही, वाहते पाणी अडवले नाही. बघा, खून आणि चोरी यांच्या रांगेत मापातली खोट बसवली होती. पाप कुठे होते हे त्या देशाला पक्के माहीत होते. आणि माहीत असूनही चालू होते.

राजे गेले. इ.स.पू. ३० मध्ये देश रोमच्या हाती गेला आणि इजिप्तचे धान्य जहाजांतून रोमला जाऊ लागले. कपाशीचेही सांगतो. १८२० च्या सुमारास मुहम्मद अली या सुभेदाराने तिथे लांब धाग्याचा कापूस लावायला लावला आणि शेतकऱ्याकडून सरकारने ठरवलेल्या भावाने सगळा कापूस सरकारच घेऊ लागले. बाहेर विकून नफा सरकारचा. एकाधिकार खरेदी हा शब्द महाराष्ट्राने १९७२ पासून पुष्कळ वर्षे ऐकला. नाईलच्या काठी तो दीडशे वर्षे आधी पोचला होता. १९७० साली अस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि दरवर्षीचा पूरही थांबला. पाणी आता वर्षभर मिळते, गाळ येत नाही, खत विकत घ्यावे लागते.

भावांनो, मायबहिणींनो, तीन हजार वर्षे त्या देशाचा शेतकरी पिकवत राहिला. पूर दुसऱ्याने मोजला, शेत दुसऱ्याने मोजले, रास दुसऱ्याने मोजली आणि लिहिलेही दुसऱ्यानेच. त्याच्याकडे अक्कल कमी नव्हती, कष्ट कमी नव्हते, जमीन तर जगातल्या उत्तम जमिनींपैकी होती. त्याच्याकडे एकच गोष्ट नव्हती: त्याच्या खळ्यावर त्याच्या हातचा कागद नव्हता. मेन्नाच्या भिंतीवर तो पालथा पडलेला दिसतो, पण त्या दिवशी रास खरोखर किती झाली आणि माप किती भरले, हे त्याच्या बाजूने सांगणारी एक ओळ कुठेही नाही.

आज तुमच्या घरात चौथी-पाचवीत शिकणारे एखादे पोर नक्की आहे. ते पिरॅमिडचा धडा पाठ करीत असेल. त्याला सांगा, पाठ कर. आणि मग त्याच्या हातात एक वही द्या आणि बियाणे किती लागले, मजुरी किती गेली, किती क्विंटल निघाले, काट्यावर किती भरले आणि पट्टीवर किती लागले, एवढे त्याच्याकडून लिहून घ्या. पोराला लिहायला शिकवायचे ते काठीच्या बाजूला जाण्यासाठी नाही, खळ्याच्या बाजूने लिहिण्यासाठी. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही बरोबर आणा. आम्हीही आमची आणू.